भाव राहिला, नाव गेले

जोड्या जुळवणे हा आपल्या समाजाचा फार जुना छंद आहे. घरोघरी एखादी आत्या किंवा मावशी अशी असते, की तिच्या मनात दोन याद्या कायम तयार असतात: एक उपवर मुलांची आणि एक उपवर मुलींची. लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात बसून ती पहिल्या यादीतला प्रत्येक मुलगा दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक मुलीशेजारी उभा करून बघते. 'हा उंच, ती ठेंगणी. हा पुण्याचा, तिला मुंबई हवी.' अशी दहा मुले आणि दहा मुली असल्या, तर जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत माउलीने शंभर लग्ने लावून मोडलेली असतात.

संगणकही हेच काम करतो, आणि न दमता करतो, हे मला गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या कन्येकडून कळले. त्या जुळवणीत एक चूक झाली. ती पाच मिनिटांत सापडली आणि दहा मिनिटांत दुरुस्त झाली. पण ती सापडली तेव्हा मी जो गप्प झालो, तो बराच वेळ गप्पच राहिलो.

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या जातात. 'घेतल्या जातात' ही मराठीच्या प्राध्यापकाची पळवाट झाली. ऑर्डरी आमची सौभाग्यवती घेते, फराळ तीच करते, हिशेबही तीच ठेवते. माझ्याकडे फक्त स्कूटरवरून डबे पोचवण्याचे खाते आहे. आजवर हा सारा कारभार एका लांबोड्या वहीत चाले. फोन यायचा, हात पिठात असायचे, मग ती मला ओरडून सांगायची आणि मी लिहायचो. माझे अक्षर चांगले आहे, पण लक्ष चांगले नाही. त्यामुळे पाव किलो चकली आणि एक किलो चिवडा मागवणाऱ्या घरी एकदा एक किलो चकली आणि पाव किलो चिवडा जाऊन पोचला. ते गृहस्थ सभ्य होते. त्यांनी चकल्या परत केल्या नाहीत.

कन्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "आई, वही बंद. मी तुला वेबपान करून देते. लोक आपापल्या फोनवर बघतील, हवं त्यावर बोट ठेवतील. बाबांना मधे घ्यायचंच नाही."

तिने कागदावर दोन याद्या काढल्या. पहिली फराळाची: चकली, चिवडा, बेसनलाडू, शंकरपाळे, करंजी, अनारसे. दुसरी वजनांची: पाव किलो, अर्धा किलो, एक किलो. पानावर दिसायला हव्या होत्या त्या यांच्या सगळ्या जोड्या. साही त्रिक अठरा.

"अठराच ना? मग बसून लिहून टाक," मी म्हटले. "पाच मिनिटांचे काम."

"आणि उद्या आईने कडबोळी वाढवली तर? तीन ओळी पुन्हा लिहायच्या? चकलीचा भाव बदलला, की तीन ठिकाणी खोडायचं? एखादं ठिकाण विसरलं, की झालं भांडण! बाबा, आपण हाताने दोन याद्याच लिहायच्या. सहा आणि तीन, नऊ ओळी. अठरा जोड्या यंत्राने लावायच्या."

हे मला पटले. वहीतल्या चुका आठवून तर फारच पटले.

आता या यादीतला एकेक पदार्थ म्हणजे नुसता शब्द नव्हे. प्रोग्राम लिहिणारे लोक त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. मला समजावे म्हणून कन्येने ग्रंथालयातल्या जुन्या कार्डांचे उदाहरण दिले. एका पुस्तकाचे एक कार्ड. त्यावर रकाने, आणि रकान्यापुढे त्यातला मजकूर. फराळाच्या प्रत्येक कार्डावर तिने दोन रकाने केले: 'नाव' आणि 'दर'. नाव चकली, दर किलोला ६०० रुपये. वजनाच्या कार्डावरही दोनच: 'नाव' आणि 'ग्रॅम'. नाव पाव किलो, ग्रॅम २५०. चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात काही आले असेल, तर त्यांनी क्षणभर ते मनातच ठेवावे. माझ्या ध्यानात त्या वेळी काहीही आले नव्हते.

मग जोड्या कशा लावायच्या? त्यासाठी एका फेरीच्या पोटात दुसरी फेरी घालतात. हे ऐकून मी गोंधळलो, तेव्हा स्वयंपाकघरातून उत्तर आले, "अहो, पंगत वाढतात ना, तसं."

आणि खरोखरच ते तसे आहे. पंगतीत पाने मांडलेली असतात. भाजीवाला वाढपी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जातो. तो संपला की कोशिंबीरवाला, मग वरणवाला. पदार्थ किती ही बाहेरची फेरी, पाने किती ही आतली फेरी. दहा पदार्थ आणि पन्नास पाने असतील, तर पाचशे वेळा कुणीतरी वाकते. कुणी असेही करील, की एका पानापाशी उभे राहून सगळे पदार्थ वाढायचे आणि मग पुढच्या पानाकडे सरकायचे. वाढणे तेवढेच होईल, क्रम मात्र बदलेल. आणि पानेच मांडली नसतील, तर वाढपी मोकळ्या दालनातून भांडे घेऊन हिंडतील आणि कुणीच काही वाढणार नाही. संगणकाचेही असेच होते. दोनांतली एक यादी रिकामी राहिली, की दुसरीत कितीही जिन्नस असोत, जोडी एकही होत नाही. पान कोरे दिसते, आणि यंत्र चूक झाली असे म्हणतही नाही. सहाला शून्याने गुणले तर शून्यच येणार, यात यंत्राचा काय दोष?

ज्या भाषेत कन्या हे लिहीत होती तिचे नाव जावास्क्रिप्ट. १९९५ साली ब्रेंडन आइक नावाच्या माणसाने तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत तयार केला. हजारभर वर्षे नांदलेली भाषा शिकवणाऱ्या मला हे ऐकून थोडा धक्काच बसला. पुढे तिच्यात भर पडत गेली. दोन फेऱ्या हाताने न लिहिता प्रत्येक फराळामागे तीन वजने जोडून आणणारी सोयही तिच्यात आहे. पण तिने सहा द्रोण भरून येतात, एकेका द्रोणात तीन-तीन जोड्या. आपल्याला तर सारे एका परातीत हवे असते. हे द्रोण परातीत उपडे करण्याचेही काम सोबतच उरकणारी फ्लॅटमॅप नावाची क्रिया २०१९ साली त्या भाषेच्या व्याकरणात आली.

"याला कार्टेशियन गुणाकार म्हणतात," कन्या म्हणाली. रने देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ १५९६ ते १६५० या काळात होऊन गेला. त्याच्या नावाचे लॅटिन रूप कार्टेसियस. १६३७ साली त्याने भूमितीची सांगड बीजगणिताशी घातली आणि त्या वाटेने पुढे कागदावरच्या बिंदूला दोन आकड्यांच्या जोडीने ओळखू लागले. म्हणून जोड्यांच्या या गुणाकाराला त्याचे नाव मिळाले.

इथे मात्र माझा स्वाभिमान जागा झाला. "अगं, हा गुणाकार आम्ही पाटीवर गिरवला आहे," मी म्हणालो. "त्याला बाराखडी म्हणतात." क ते ळ ही चौतीस व्यंजने घ्या. दुसऱ्या यादीत अ पासून अः पर्यंत बारा. पहिल्या यादीतले प्रत्येक अक्षर दुसरीतल्या प्रत्येकाजवळ न्या: क, का, कि, की. चौतीस गुणिले बारा, ४०८. त्यांतल्या कित्येक घरांत आयुष्यभर कुणी राहायला येत नाही. ङ आणि ञ यांची बाराखडी आम्ही घोकली, पण 'ङो' ने सुरू होणारा शब्द मला एम.ए. झाल्यावरही भेटलेला नाही. तरी घर मांडून ठेवायचे. २००९ साली शासनाने वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना जागा दिली, तेव्हा एका यादीत दोनच जिन्नस वाढले; घरे मात्र अडुसष्ट वाढली आणि ४७६ झाली. बाराखडीची चौदाखडी झाली ती अशी.

कन्येने हे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "छान आहे. आता पान बघा."

आम्ही तिघेही त्या पडद्याभोवती जमलो. अठरा चौकटी नीट मांडलेल्या होत्या. पहिल्या चौकटीत लिहिले होते: 'पाव किलो, १५० रुपये'. दुसरीत: 'अर्धा किलो, ३०० रुपये'. तिसरीत: 'एक किलो, ६०० रुपये'. चौथीत पुन्हा 'पाव किलो', पण १२० रुपये. पाचवीत अर्धा किलो, २४०. असे शेवटपर्यंत.

सौभाग्यवतीने चष्मा लावला, एकेक चौकट बोटाने मोजली आणि म्हणाली, "भाव अगदी बरोबर आहेत. पण कशाचे?"

अठरा चौकटींत मिळून चकलीचे नाव नव्हते, लाडवाचे नव्हते, अनारशाचे नव्हते. भाव राहिला होता, नाव गेले होते.

कन्येने कपाळाला हात लावला, पण कारण तिला लगेच उमगले. दोन कार्डांचे मिळून एक कार्ड करायचे, तर कोऱ्या कार्डावर आधी फराळाच्या कार्डावरचे रकाने उतरवून घ्यायचे, मग वजनाच्या कार्डावरचे. एका कार्डावर एका नावाचा रकाना एकदाच असू शकतो. फराळाच्या कार्डावरून 'नाव' आले, त्यात यंत्राने 'चकली' लिहिले. मग वजनाच्या कार्डावरून पुन्हा 'नाव' आले. यंत्राने 'चकली' पुसले आणि तिथे 'पाव किलो' लिहिले. दर एकाच कार्डावर होता, ग्रॅम एकाच कार्डावर होते, म्हणून ते दोन्ही सुखरूप राहिले आणि रुपये बरोबर निघाले. दोघांकडेही होते ते फक्त नाव. म्हणून एकाचेच उरले.

"कुणाचं उरतं?" सौभाग्यवतीने विचारले.

"जो मागून उतरवला जातो त्याचं. यंत्र विचारत नाही, सांगतही नाही."

हे उतरवून घेणे त्या भाषेत तीन टिंबांनी दाखवतात. कार्डाच्या नावामागे तीन टिंबे दिली, की त्यावरचे सारे नव्या कार्डावर येते. आमच्या मराठीत तीन टिंबांचा अर्थ वेगळा आहे. काही सांगायचे राहून गेले असेल, तिथे आम्ही ती देतो.

आमचे लग्न २००४ सालच्या मे महिन्यातले. गृहप्रवेश झाला, लक्ष्मीपूजन झाले, चांदीच्या तबकात तांदूळ पसरून माझ्यापुढे ठेवले गेले आणि हातात अंगठी देण्यात आली. बायकोचे नवे नाव लिहायचे होते. ते निवडायला मला पंधरा दिवस लागले होते. नुकताच कॉलेजात लागलो होतो. साहित्याची धुंदी होती. संस्कृत नाटकातल्या एका नायिकेचे नाव मी तांदळांत वळणदार अक्षरांत लिहिले. मंडळींनी माझ्या रसिकतेची वाखाणणी केली. कुणीतरी म्हणाले, "मराठीचे प्राध्यापक शोभता खरे!" तिने मान तिरकी करून ती अक्षरे वाचली आणि हसली. पेढे वाटले गेले. तिला हे नाव आवडेल का, तिचे स्वतःचे तिला प्रिय आहे का, हे कुणी विचारले नाही. पंधरा दिवस तिच्याच नावाचा विचार करणाऱ्या मीही नाही.

त्या एका संध्याकाळी तिचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही रकाने पुसून नव्याने लिहिले गेले. विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. पण पद्धत होती, आणि पद्धत कायद्याहून कमी बोलते व अधिक करते. बाकीचे सारे तसेच राहिले. चिपळूणहून आणलेली हाताची चव राहिली. वाणिज्य शाखेची पदवी, पैचा हिशेब लावल्याशिवाय न झोपण्याची सवय, पाऊस आला की खिडकीशी जाऊन उभे राहणे, हे सगळे राहिले. फक्त तिला त्या नावाने हाक मारणारे कुणी आसपास उरले नाही.

पुढे कागदपत्रांचे प्रकरण निघाले. पदवी एका नावाची, बँकेचे खाते दुसऱ्या. राजपत्रात नाव छापून आणले, प्रतिज्ञापत्रे केली. 'मी अमुक आणि मी तमुक या दोन्ही व्यक्ती एकच आहेत' असे तिला मुद्रांकाच्या कागदावर लिहून द्यावे लागे. मी बरोबर जायचो आणि रांगेत उभा राहून कार्यालयीन मराठीच्या चुका काढायचो. ती काय लिहून देत आहे, तिकडे माझे लक्ष नव्हते. अक्षर चांगले आणि लक्ष चांगले नाही, हे मी वर म्हटलेच आहे.

कन्या काही दुष्टपणाने चकलीचे नाव पुसायला बसली नव्हती. मीही बसलो नव्हतो. दोन कार्डे होती, रकाना एक होता, आणि जोडताना कुणी क्षणभर थांबले नाही. जोडी लावणे सोपे असते. दोघांची नावे राखून ती लावायची, तर आधी थांबून विचार करावा लागतो.

दुरुस्ती अगदी साधी होती. दोन्ही कार्डे एकात एक मिसळायचीच नाहीत. नव्या कार्डावर दोन मोठे रकाने करायचे: 'फराळ' आणि 'वजन'. फराळाच्या रकान्यात चकलीचे कार्ड अख्खे ठेवायचे, वजनाच्या रकान्यात पाव किलोचे अख्खे. मग फराळाचे नाव विचारले तर 'चकली' आणि वजनाचे नाव विचारले तर 'पाव किलो'. कुणाला काही पुसावे लागत नाही. "एवढंच?" मी म्हटले. "एवढंच," कन्या म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने आठवण दिली, की महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावायचे ठरले आहे. शासनालाही एक रकाना वाढवणे सुचले, असे तिला म्हणायचे असावे. किंवा वेगळेच काही म्हणायचे असेल. मी विचारले नाही.

"आणि बाबा, तुमच्या बाराखडीत हे आधीपासूनच आहे," ती पुढे म्हणाली. तिने 'की' हे अक्षर उमटवले. "पडद्यावर हे एक दिसतं. पण युनिकोडप्रमाणे यंत्राच्या पोटात ही दोन आहेत. क चा क्रमांक २३२५, दीर्घ वेलांटीचा २३६८. दिसताना जुळतात, पण दोघांचे क्रमांक शाबूत असतात." इतकी वर्षे मी अक्षरांवर पोट भरतो आहे. ही गोष्ट मला माझ्या मुलीने सांगितली.

नव्या पानावर अठरा चौकटी नावासकट आल्या. मग सौभाग्यवतीने पेन्सिल मागितली. "एक किलो अनारसे? तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, पीठ गुळात मुरवायचं, मग एकेक खसखशीवर थापून तुपात सोडायचा. किलोकिलोने कोण करणार? खोड. एक किलो करंज्या डब्यात खालच्या मोडतात. खोड. शंकरपाळे पाव किलो कुणी नेत नाही. खोड." अठरांतल्या पंधरा उरल्या. यंत्राने सगळ्या जोड्या लावायच्या आणि माणसाने त्यांतल्या न संसारणाऱ्या काढायच्या, अशी कामाची वाटणी मला आवडली. तूप की तेल, साखर की गूळ अशा आणखी दोन याद्या घालण्याची सूचना मी केली, तेव्हा कन्येने आकडा सांगितला: अठरा दुणे छत्तीस, छत्तीस दुणे बहात्तर. सूचना मी मागे घेतली.

एक चौकट रिकामी राहिली होती. पानाच्या माथ्यावर दुकानाचे नाव हवे होते. मी दोन-चार भारदस्त संस्कृत शब्द सुचवले. कुणी ऐकले नाही. सौभाग्यवतीने कन्येच्या हातून कळफलक आपल्याकडे ओढला आणि एका बोटाने, अक्षरे शोधत शोधत, एक नाव लिहिले. ते तिचे माहेरचे होते, आडनावासकट. लिहून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले नाही. "चालेल ना ग हे?" एवढेच तिने मुलीला विचारले.

ते नाव इथे छापू का, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "पानावर आहे, तेवढं पुरे. लेखात माझी जाहिरात नको." तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

त्याच दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, दुपारी एक ऑर्डर आली: अनारसे, अर्धा किलो. पाठोपाठ फोन आला. फोनवर एक बाई होत्या आणि त्या फक्त एवढेच म्हणाल्या, "अगं, चिपळूणची तीच ना तू?" शाळेत एका बाकावर बसणारी मैत्रीण. तिने इतकी वर्षे या नावाने शोधले होते, आणि या नावाचे कुणी कुठे नव्हतेच.

फोन पाऊण तास चालला. मधेच खिडकीतून मला हाताने खूण झाली, की कढईकडे बघा. मी सोऱ्या हातात घेतला. रात्री सारे आवरल्यावर मी धीर करून विचारले, "तुला आता कोणत्या नावाने हाक मारू?"

ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "एकवीस वर्षं 'अगं' म्हणताय, तेच बरं आहे. ते तरी कुणी बदललेलं नाही."

मी तळलेल्या चकल्या मऊ पडल्या होत्या. पानावरच्या कोणत्याही वजनाशी त्यांची जोडी लागण्यासारखी नव्हती. त्या आम्ही तिघांनी घरीच संपवल्या.